दोन मिलिमीटरची तबली

लाकूडकाम करणाऱ्या हाताला एक सवय असते. शंका आली की लाकूड जाड ठेवायचं. स्टूल डुगडुगायला नको, शेल्फ वाकायला नको, म्हणून पाऊण इंचाऐवजी इंच घ्यायचा आणि दोन स्क्रूंच्या जागी चार मारायचे. घरच्या वर्कशॉपात पहिल्यांदा युकुलेली (चार तारांची छोटी गिटार) करायला घेणाऱ्याला ही सवयच सगळ्यात जास्त नडते. हत्यारं बहुतेक सगळी असतात, हात बसलेला असतो, आराखडे इंटरनेटवर फुकट मिळतात. तरी तयार झालेलं वाद्य ठक्क वाजतं. कारण शोधायला जावं तर कुठे काही चुकलेलं दिसत नाही. सांधे घट्ट आहेत, पॉलिश चकचकीत आहे. फक्त तबली, म्हणजे पेटीच्या तोंडावरची आवाज देणारी पातळ फळी, तीन मिलिमीटर जाड आहे.

फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दोन मिलिमीटरची तबली तीनची केली तर वजन दीडपट होतं, पण ताठपणा सव्वातीनपटीच्याही वर जातो. उलट दोनवरून १.८ वर उतरलं की ताठपणा पाव हिश्शाहून जास्त कमी होतो. आणि ही तबली हलवायला आपल्याकडे असतं काय? नायलॉनच्या चार तारा. चारही मिळून ताण १६ ते २० किलो, म्हणजे स्टीलच्या तारांच्या गिटारीच्या साधारण पाव. एवढ्याशा ताणाने थरथरेल इतकी तबली नाजूक हवी आणि तोच ताण वर्षानुवर्षं सोसेल इतकी चिवटही हवी. या दोन अटींमध्ये जागा फार थोडी आहे.

गंमत अशी, की हे वाद्य घडवलं तेही फर्निचरवाल्यांनीच. ऑगस्ट १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ नावाचं जहाज पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून मजूर घेऊन होनोलुलूला लागलं. उसाच्या मळ्यांवर करारावर काम करायला आलेल्या त्या लोकांत मॅनुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो हे तिघे लाकूडकामातले कारागीर होते. मळ्यावरचा करार संपल्यावर त्यांनी होनोलुलूत दुकानं थाटली, टेबलं-कपाटं केली आणि सोबत मदेराची ‘माशेत’ नावाची चार तारांची छोटी गिटारही केली. तिची ठेवण आणि ‘राजाओ’ या तिथल्याच पाच तारांच्या वाद्याची सुरावट एकत्र येऊन युकुलेली झाली. लाकूड मात्र हवाईचं घेतलं, कोआ. राजा कालाकौआने तिला दरबारात मान दिला, १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात ती अमेरिकाभर गाजली आणि पुढच्याच वर्षी मार्टिन या गिटार कंपनीने तिचं उत्पादन सुरू केलं. त्या सुरुवातीच्या युकुलेली हातात घेतल्यावर आधी जाणवतं ते त्यांचं वजन, किंवा वजन नसणं. टेबलं करणाऱ्या त्या कारागिरांनी टेबलाची सवय कामाच्या बाकावरच सोडली होती.

आकारांपैकी घरी करायला कॉन्सर्ट हा मला सगळ्यात सोयीचा वाटतो. सोप्रानो लहान आहे म्हणून सोपी, असा समज असतो. प्रत्यक्षात कंबरेचं वळण जितकं लहान तितकी बाजूची पट्टी वाकवणं कठीण, आणि पेटीत बोटं घालायलाही जागा राहत नाही. कॉन्सर्टची मापं अशी धरता येतील: तारेची लांबी ३८० मिलिमीटर, पेटी २८० लांब, खालचा फुगवटा १९५, कंबर १२०, वरचा फुगवटा १४५, खोली शेपटीकडे ७० आणि गळ्याकडे ६५. स्वररंध्राचा व्यास ५५. यातली पेटीची मापं दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर वाद्याला काही फरक पडत नाही. पडद्यांच्या (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) मापांत मात्र अर्धा मिलिमीटरही कानाला कळतो. कुठे सैल सोडायचं आणि कुठे नखभरही सोडायचं नाही, हे आधी ठरवलं की काम निम्मं हलकं होतं. कंबर वाकवायची अजिबात भीती वाटत असेल तर अननसाचा आकार घ्यावा. होनोलुलूच्या सॅम्युएल कामाका यांनी १९२० च्या दशकात काढलेल्या या घाटाला कंबरच नाही, आणि आवाज उत्तम येतो.

सुरावटीविषयी आपल्या लोकांना चटकन कळेल असं सांगायचं तर, पांढरी एकला सा धरला की चार मोकळ्या तारा लागतात प, सा, ग, ध. पहिला प सा-च्या वरचा आहे, खालचा नाही. सगळ्यात जाड तार वरून दुसरी असते ती यामुळे. मोकळ्या तारा नुसत्या छेडल्या तरी कानाला भूपाची चाहूल लागते, फक्त रिषभ तेवढा पडद्यावर बोट ठेवून आणावा लागतो.

लाकडाचा प्रश्न आला की लोक कोआ कुठे मिळेल ते शोधत बसतात. गरज नाही. कोआ ही अकेशिया कुळातली. कोकणात आणि गोव्यात सामाजिक वनीकरणात जी ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ’ रस्त्यांच्या कडेने आणि माळांवर लावली गेली, ती त्याच कुळातली. तिचं लाकूड वाळताना टोकाकडून फुटतं, म्हणून ओंडका कापल्याबरोबर टोकांना रंग किंवा मेण फासावं लागतं. पण सरळ रेषेची फळी हाती लागली तर रंगही सुंदर आणि नादही चांगला. आंब्याची फळी तर खुद्द हवाईतले कारागीर हौसेने वापरतात. आपल्याकडे आंबा पॅकिंगच्या खोक्यांना जातो म्हणून त्याला किंमत नाही. त्याला कीड लवकर लागते, तेवढं बघून घ्यावं. मिरजेच्या सतारींसाठी वापरतात ते तून हे महोगनीच्याच कुळातलं, हलकं आणि वाकवायला आज्ञाधारक. पेटी आणि दांडी दोन्हींसाठी माझी पहिली पसंती त्यालाच.

आणि सागवान. जुने वाडे पडतात तेव्हा निघालेल्या तुळया आणि दारांच्या चौकटी जुन्या लाकडाच्या बाजारात येतात. कित्येक दशकं वाळलेलं, बारीक रेषेचं इतकं स्थिर लाकूड नव्या वखारीत मिळत नाही. दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, आतले खिळे. करवतीचं पातं जायच्या आधी लोहचुंबक फिरवावं. दुसरी, सागाचं तेल. तेलामुळे गोंद धरत नाही, म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोनने पुसावेत आणि पाच-दहा मिनिटांत गोंद लावून मोकळं व्हावं. सकाळी पुसून संध्याकाळी चिकटवलं तर तेल पुन्हा वर आलेलं असतं.

लाकूड कुठलंही असो, फळी उभ्या रेषेची निवडावी. टोकाकडून पाहिलं की वाढीच्या रेषा जाडीत उभ्या दिसल्या पाहिजेत, आडव्या पसरलेल्या नकोत. अशी फळी दमट हवेत कमी फुगते आणि त्याच जाडीला जास्त ताठ राहते. पृष्ठभागावरून पाहताना रेषा कडेला समांतर धावतात ना, हेही तपासावं. ज्या रेषा तिरक्या होऊन पृष्ठभागाबाहेर पडतात, त्या जागी बाजूची पट्टी वाकवताना नेमकी मोडते.

लाकूडमिलवाल्याला २० सेंटिमीटरची अखंड पातळ फळी मागण्यात अर्थ नाही. चार-साडेचार इंच रुंदीच्या जाड फळीतून पाच-पाच मिलिमीटरच्या चकत्या मागाव्यात. मिलचं पातं दोन-तीन मिलिमीटर भुसा करतं आणि खुणा सोडतं, तेवढं धरून चालायचं. लागून निघालेल्या दोन चकत्या पुस्तकाची पानं उघडावीत तशा शेजारी मांडल्या की रेषांची नक्षी दोन्ही अंगांना सारखी येते. मधल्या सांध्याच्या कडा दोन्ही एकत्र धरून रंध्याने सरळ कराव्यात आणि उजेडासमोर धरून पाहाव्यात. प्रकाशाची रेघ दिसली तर सांधा झालेला नाही. तिथे शिकंजा आवळून फट मिटवण्याचा मोह होतो. अशा सांध्यात गोंद सतत ओढला जात राहतो आणि पहिल्या कोरड्या हिवाळ्यात तो नेमका तिथेच उकलतो. चिकटवताना शिकंज्यांची गरजही नसते, सपाट फळीवर दोरी गुंडाळून खालून पाचरी ठोकल्या की पुरे.

आता पातळ करण्याचं काम. सपाट एमडीएफवर दुहेरी टेपने तबली चिकटवावी आणि धारदार रंधा तिरका चालवत आणावी. अडीच मिलिमीटरपर्यंत बिनधास्त जावं. तिथून पुढे रंधा ठेवून द्यावा, सपाट ठोकळ्यावर ६० नंबरचा पॉलिशपेपर चढवावा आणि दर थोड्या वेळाने व्हर्नियरने कडा मोजाव्यात. तबलीला दोन मिलिमीटर, पाठीला दोन, बाजूंना १.६. सागासारखं घट्ट लाकूड असेल तर तबली १.८ पर्यंत न्यावी, तून किंवा आंब्याला २.१ वर थांबलं तरी चालतं. शेवटचा निर्णय मात्र व्हर्नियर देत नाही. तबली वरच्या कोपऱ्याजवळ दोन बोटांत सैल धरायची आणि मध्याच्या जरा खाली बोटाच्या पेराने टकटक करायची. जाड असताना ‘टक्’ येतं आणि तिथेच मरतं. पातळ होत गेली की आवाज खाली उतरतो आणि मागे रेंगाळायला लागतो. दोन्ही अंगठ्यांनी आडव्या दिशेने दाबल्यावर फळी किंचित झुकते आणि मनात ‘आता पुरे, मोडेल’ असं येतं, तिथे साधारण बरोबर माप असतं. ती भीती फर्निचरच्या सवयीतून आलेली असते. थोडं तिच्या पलीकडे जावं लागतं.

बाजारातलं तीन मिलिमीटरचं प्लायवूड पेटीला लावून पाहणारे बरेच असतात. प्लायचे थर एकमेकांना आडवे असल्यामुळे ते दोन्ही दिशांना ताठ राहतं आणि तबलीला मोकळं हलू देत नाही. मुलांच्या हाती द्यायला ठीक. साचा करायला तर उत्तमच.

बाजू वाकवायच्या आधी तो साचा तयार हवा. १८ मिलिमीटर प्लायचे तीन-चार थर एकावर एक, आत पेटीचा अर्धा आकार कोरलेला, असे दोन भाग. बाजूच्या पट्ट्या प्रत्येकी साडेचारशे लांब आणि ७५ रुंद घ्याव्यात, उरलेलं नंतर छाटता येतं. वाकवायला दीड-दोन इंची लोखंडी नळी शिकंज्यात आडवी पकडून तिच्या तोंडात हीट गन धरली की काम होतं. पाण्याचा थेंब टाकल्यावर तो चरचरत बसण्याऐवजी नाचत पळाला की नळी तापली. उष्णतेने लाकडातलं लिग्निन मऊ पडतं आणि पट्टी हाताखाली सैल पडल्याचं अक्षरशः जाणवतं. त्या क्षणापर्यंत जोर लावायचाच नाही. मोडण्याचं पहिलं कारण असतं उतावीळपणा, दुसरं तिरकी रेषा. पाण्याची कमी हे फार मागाहून येतं. दहा-पंधरा मिनिटं भिजवणं पुरतं. रात्रभर भिजवलेली पट्टी रुंदीत पन्हळीसारखी वळते आणि ती वळण पुन्हा सोडत नाही.

सुरुवात कंबरेपासून करावी, कारण सगळ्यात तंग वळण तिथे आहे आणि पट्टी मोडायचीच असेल तर पुढची मेहनत करण्याआधी मोडलेली बरी. तापलेलं लाकूड दाब बरंच सोसतं, ताण फारसा सोसत नाही, म्हणून वळणाच्या बाहेरच्या अंगाचे तंतू उचकटतात. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पट्टीच्या बाहेरच्या बाजूला धरून दोन्ही मिळून वाकवलं की तो ताण पत्रा घेतो. वाकवलेली पट्टी साच्यात अडकवून निदान रात्रभर ठेवावी. ती थोडी मागे येतेच, म्हणून वळण आराखड्यापेक्षा जरासं जास्तच द्यावं.

पेटीत गळ्याकडे २५ मिलिमीटर जाड ठोकळा आणि शेपटीकडे बारा मिलिमीटरचा. तबली आणि पाठ चिकटवायला बाजूंच्या कडांना आतून पाच-सहा मिलिमीटरच्या चौरस पट्ट्या लागतात. त्या वळणावर बसाव्यात म्हणून दर पाच मिलिमीटरला करवतीने जवळजवळ आरपार चिरायच्या. गोंद वाळेपर्यंत पकडायला कपडे वाळत घालायचे चिमटे, तोंडावर रबरबँड गुंडाळून. तीस-चाळीस तरी हवेत. घरातले पुरत नाहीत आणि घरात त्यावरून बोलणी बसतात, तेव्हा वेगळे आणलेले बरे.

तबलीच्या आतल्या आडव्या पट्ट्यांसाठी पॅकिंगच्या खोक्याचा पाइन चालतो, फक्त गाठ नसलेला, राळ नसलेला आणि बारीक सरळ रेषेचा तुकडा शोधावा. स्वररंध्राच्या वर एक आणि खाली एक, सहा मिलिमीटर रुंद आणि आठ उंच. घोडीच्या (तबलीवर चिकटवलेला, तारा धरणारा लाकडी तुकडा) जागेखाली दीड मिलिमीटरचा ऐंशी बाय पस्तीसचा पाइनचा आडव्या रेषेचा तुकडा. खालच्या फुगवट्यात हवं तर पंख्यासारख्या तीन बारीक पट्ट्या, पाच बाय चार. इथे फर्निचरचा हात पुन्हा डोकं वर काढतो आणि पट्ट्या बारा मिलिमीटर उंच होतात. उंचीचं गणितही तेच, घनाचं. बारा मिलिमीटरची पट्टी आठच्या सव्वातीनपटीहून जास्त ताठ. पट्ट्यांची टोकं शेवटच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये पटाशीने उतरती करत दोन मिलिमीटरवर आणावीत. तबलीच्या कडा मोकळ्या झाल्या तरच मधला भाग मनासारखा हलतो. पाठीच्या पट्ट्यांना रंध्याने पोटाकडून दोन मिलिमीटरचा बाक द्यावा, म्हणजे पाठ किंचित फुगीर बसते. हा बाक शोभेचा नाही. कोरड्या हवेत पाठ आकसली तर ती आधी सपाट होते. फुगवटा नसेल तर ती थेट तडकते.

महाराष्ट्रात हे काम करणाऱ्याने सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते पंचांगाकडे. जुलैत मुंबई-कोकणात सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे असते, तेव्हा लाकडात सतरा-अठरा टक्के ओल राहते. ४५ टक्के आर्द्रतेत तीच ओल आठ-नऊ टक्क्यांवर येते. विदर्भात मे महिन्यात दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, तिथे लाकूड आणखी सुकतं. या फरकाने १९५ मिलिमीटरची तबली रुंदीत उभ्या रेषेची असेल तर दीड-दोन मिलिमीटर आणि आडव्या रेषेची असेल तर तीनेक मिलिमीटर आकसते. लांबीत लाकूड जवळपास हलत नाही. म्हणून तबली आकसू पाहते आणि तिला आडवी चिकटवलेली पट्टी ती आकसू देत नाही. पावसाळ्यात बंद केलेली पेटी डिसेंबरात मधोमध चिरते ती अशी. उलट कोरड्या हवेत बंद केलेली पेटी पावसात नुसती फुगते, आणि फुगणं लाकडाला झेपतं. सांधे आणि रंध्याचं काम वर्षभर करता येतं, पण पट्ट्या चिकटवणं आणि पेटी बंद करणं हे डिसेंबर ते फेब्रुवारीतच करावं. थांबवत नसेल तर लहान कपाटात ४० वॅटचा जुना पिवळा दिवा आणि एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवावा, लाकूड आठवडाभर आत मुरवावं आणि आकडा पन्नासच्या खाली असताना गोंद लावावा.

दांडी तूनची किंवा सागाची, रेषा सरळ. तार नायलॉनची आणि दांडी आखूड, त्यामुळे आत लोखंडी सळी घालायची गरज नसते. दडीपाशी (दांडीच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) रुंदी ३५, पेटीपाशी ४५, पडद्यांच्या पट्टीसकट जाडी वर १८ आणि खाली २१. सर्वांत जास्त काळजी पेटीच्या सांध्यात. अर्ध्या अंशाची चूक झाली तर घोडीपाशी ती दीड मिलिमीटर होते, आणि तिथे एकूण खेळ चार-पाच मिलिमीटरचा आहे. म्हणून मी गोंदाऐवजी बोल्टच्या बाजूचा. पलंगाच्या जोडणीला वापरतात तो आडवा बॅरल नट दांडीच्या टाचेत बसवायचा, आणि गळ्याकडच्या ठोकळ्यातून सहा मिलिमीटरचा बोल्ट आत घालून स्वररंध्रातून एल-चावीने आवळायचा. कोन चुकला तर सोडवून टाचेचं तोंड घासता येतं. टाचेच्या टोकातल्या रेषेत नुसता स्क्रू मारला तर तो धरत नाही, हे कपाटांच्या दारांवरून सगळ्यांना माहीत असतंच. कोन तपासायला पडदे बसवल्यानंतर त्यांच्यावर सरळ पट्टी ठेवावी. तिचं टोक घोडीच्या लाकडाला वरून चाटून गेलं पाहिजे. पडद्यांची पट्टी पाच मिलिमीटर, पडदा एक आणि घोडीचं लाकूड सहा, असा तो हिशोब जमतो.

आणि पडदे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, कानाला खटकलं तर सरकवता येतात. इथे करवत चालली की विषय संपला. तारेची लांबी १७.८१७ ने भागली की पहिल्या पडद्याचं अंतर मिळतं. उरलेली लांबी पुन्हा त्याच आकड्याने भागली की पुढचं. ३८० साठी दडीपासून पहिला पडदा २१.३, दुसरा ४१.५, तिसरा ६०.५, चौथा ७८.४, पाचवा ९५.३, सातवा १२६.४, दहावा १६६.७, बारावा बरोबर मध्यावर १९० आणि पेटी जिथे सुरू होते तो चौदावा २१०.७. ही सगळी अंतरं दडीपासूनच मोजायची. एका पडद्यापासून पुढचा मोजत गेलं तर दर वेळी ०.२ ची चूक साठत जाऊन पंधराव्या पडद्यावर तीन मिलिमीटर होते. बाराव्यावर अर्ध्या मिलिमीटरची चूक म्हणजे साडेचार सेंट, अर्ध्या सुराचे शंभर सेंट धरून. एकट्या सुराला ते पचतं. दोन तारा मिळून वाजल्या की मात्र लहर ऐकू येते.

पडद्यांच्या पट्टीला शिसव. जुन्या खुर्चीचा मोडका पाय सापडला तर त्यातून एक पट्टी आणि एक घोडी निघते. खाचेची रुंदी हा इथला खरा नाजूक मुद्दा आहे. पडद्याच्या तारेची जीभ साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते, खाच तेवढीच हवी. रुंद झाली तर पडदा डोकं वर काढतो आणि तार त्यावर झणझणते. अरुंद झाली तर पंधरा पडदे पंधरा पाचरींचं काम करतात आणि दांडी मागे वाकते. आपल्या करवतीने आधी भंगार शिसवीत खाच पाडून त्यात पडद्याचा तुकडा ठोकून पाहावा. हाताने सुटत नाही आणि ठोकताना लाकूड फुगत नाही, ती करवत बरोबर. खाच पाडताना गुण्याला चिकटवलेला लाकडी ठोकळा करवतीच्या बाजूला धरावा, म्हणजे ती तिरकी जात नाही. पडदे बसल्यावर सगळ्यांच्या माथ्यावर मार्करची शाई फासून सपाट लांब कानस हलकेच फिरवायची. ज्याच्यावर शाई उरली तो खाली आहे. सगळ्यांवरची शाई जाईपर्यंत घासायचं, त्याहून एक फेराही जास्त नाही.

घोडी ८० बाय २०, सहा मिलिमीटर उंच, वजन आठ-दहा ग्रॅमच्या वर नको. तिची जागा आराखड्यावरून ठरवू नये. दांडी आवळल्यानंतर दडीपासून मोजून ठरवावी, आणि ३८० ऐवजी ३८२ वर. पडद्यावर दाबताना तार ताणली जाऊन सूर चढतो, तो हे दोन मिलिमीटर खाली आणतात. पॉलिश करण्याआधी घोडीच्या जागेवर टेप लावून ठेवावा. पॉलिशवर चिकटवलेली घोडी पॉलिशला चिकटते, लाकडाला नाही, आणि कधीतरी तारांसकट उडते. गोंदाचंही तसंच. पांढरा गोंद फर्निचरला फार चांगला, पण सततच्या ओढीखाली तो हळूहळू सरकतो, आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या वाद्यात तर मऊच पडतो. घोडीला सरेस किंवा चांगलं इपॉक्सी वापरावं.

पॉलिशला चपडा, म्हणजे लाख. शंभर मिलिलिटर स्पिरिटमध्ये २० ग्रॅम, फडक्याच्या बोळ्याने पातळ पातळ हात. मेलामाइन किंवा पीयूचा (पॉलियुरेथेनचा) जाड थर तबलीवर चढवला की इतकी मेहनत करून उतरवलेला ताठपणा वरून परत येतो. दमट दिवशी चपडा लावला तर त्यावर पांढरट धुकं चढतं, म्हणून हेही काम हिवाळ्याचंच.

खुंट्या हलक्या घ्याव्यात. गिटारच्या जड खुंट्या लावल्या की डोकं खाली झुकत राहतं आणि वाजवणाऱ्याचा डावा हात वाद्य तोलण्यात जातो. तारा नायलॉनच्या किंवा फ्लुरोकार्बनच्या. माशांच्या गळाची फ्लुरोकार्बन दोरी वापरणारे बरेच आहेत आणि ती वाजतेही छान. स्टीलची तार कधीच लावू नये. दोन मिलिमीटरची तबली तिच्यासाठी केलेली नाही. नव्या तारा पहिले काही दिवस सतत उतरतात, त्याचा दोष खुंट्यांना देऊ नये.

शेवटी तारेची उंची. पहिल्या पडद्यावर अर्धा मिलिमीटर, बाराव्यावर अडीच. दडीच्या खाचा खोल करताना दर दोन घासांनंतर थांबून पाहायचं, कारण खाच खोल गेली की नवी दडी करावी लागते. घोडीतली हाडाची पट्टी, जिच्यावर तारा टेकतात, घासायची ती खालून. बाराव्या पडद्यावर अर्धा मिलिमीटर उतरवायचा तर पट्टी एक मिलिमीटर घासावी लागते. आवाज अजूनही बंद वाटत असेल तर घोडीखालच्या भागाला हात लावू नये. खालच्या फुगवट्याच्या कडेने, कडेपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या पट्ट्यात, तबली बाहेरून थोडी घासून पाहावी आणि तेवढ्या भागाला पुन्हा चपडा द्यावा.

पहिल्या पावसाळ्यात तबली फुगेल, घोडी वर उचलली जाईल आणि तारा बोटांना उंच लागतील. त्या वेळी पट्टी घासायला घेऊ नये. घासली तर जानेवारीत तबली खाली बसते आणि सगळे पडदे झणझणायला लागतात. त्यापेक्षा हाडाची दुसरी पट्टी एक मिलिमीटर कमी उंचीची करून ठेवावी. जूनमध्ये ती लावावी, दिवाळीनंतर पहिली परत घालावी, आणि दोन्हींच्या पोटावर पेन्सिलने ‘पाऊस’ आणि ‘थंडी’ असं लिहून ठेवावं, कारण दिसायला त्या अगदी सारख्या असतात.